विकतची नेक, गावची बॉडी: खान्देशात इलेक्ट्रिक गिटार जुळवताना

पहिलीच गिटार जुळवणार असाल तर टेलिकास्टर घाटाची घ्या. स्ट्रॅटोकास्टर देखणी असते खरी, पण तिच्या बॉडीला पोटाशी आणि कोपराशी उतार द्यावा लागतो, मागच्या अंगाला स्प्रिंगांसाठी खाच कोरावी लागते, आणि हलता ब्रिज (तारांचं बॉडीवरचं टोक धरणारा भाग) बसवणं नवख्याच्या हातचं काम नाही. टेलिकास्टर म्हणजे जेवायचा पाट: सपाट फळी, तिच्यावर दोन पिकअप (तारेच्या हलण्याची वीज करणारे भाग), एक थ्री-वे स्विच, दोन नॉब आणि जागचा न हलणारा ब्रिज. अमेरिकी गिटार-कारखानदार लिओ फेंडर यांनी १९५० साली कॅलिफोर्नियात हा घाट बाजारात आणला, तो कारखान्यात झटपट जुळावा आणि बिघडला भाग काढून दुसरा लावता यावा, या हिशेबानेच. यात नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, चिकटवत नाहीत, चार स्क्रूंनी आवळतात. म्हणूनच ही गिटार अमळनेरात किंवा दोंडाईच्यातही जुळू शकते.

नेक मात्र स्वतः बनवायच्या फंदात पडू नका. फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीची, खाच अर्ध्या मिलिमीटरने जरी सरकली तरी त्या पट्टीवरचा सूर कायमचा बिघडतो, आणि आत ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी सळई) बसवणं हे वेगळंच शास्त्र आहे. हातात जेवढे पैसे असतील त्यातले निम्मे नेकवर घाला. बॉडी इथल्या लाकडाची, इथल्या माणसांकडून करून घेता येते आणि चांगली होते. ब्रिज, ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या), पिकअप, पॉट (नॉबखालचा फिरता भाग), स्विच हे ऑनलाइन मागवायचं. मुंबईला चक्कर होणार असेल तर पॉट, कपॅसिटर, सोल्डर, वायर असलं किरकोळ सामान लॅमिंग्टन रोडवर निवडून घेता येतं.

सगळे भाग घरी येईपर्यंत लाकडाला करवत लावू नका. मापं भागांवरून घ्यायची, इंटरनेटवरच्या चित्रावरून नाही.

भाग मागवताना

गिटारच्या सुट्या भागांत इंची आणि मेट्रिक अशा दोन जाती आहेत आणि त्या एकमेकींशी पटवून घेत नाहीत. मागवण्याआधी विक्रेत्याला विचारून घ्यायच्या गोष्टी या:

नेकच्या टाचेची, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकाची, रुंदी. टेलि आणि स्ट्रॅट दोन्हींची साधारण ५६ मिलिमीटर असते, पण टेलिच्या टाचेचं टोक सरळ असतं आणि स्ट्रॅटचं किंचित गोल. सरळ खाचेत गोल टोक बसतं, पण कोपऱ्यांत फट राहते.

ट्यूनरची भोकं. जुन्या पद्धतीच्या ट्यूनरला पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास भोक लागतं, नव्या बंदिस्त ट्यूनरला १०. मोठ्या भोकात छोटा ट्यूनर बसवायला रिंगा मिळतात. छोटं भोक मोठं करताना मात्र हेडस्टॉकचा (नेकच्या डोक्याचा) टवका उडू शकतो, तेव्हा नेक आणि ट्यूनर जोडीनेच ठरवा.

पॉटचा दांडा आणि नॉब. अमेरिकी मापाच्या पॉटला साडेनऊ मिलिमीटरचं भोक लागतं आणि त्याच्या दांड्यावरचे दाते बारीक असतात, २४. आशियाई पॉटचे दाते १८. चुकीचा नॉब दाबून बसवायला गेलात तर दांडा फाकतो किंवा नॉब तडकतो. पॉट कंट्रोल प्लेटच्या (स्विच-नॉब बसतात त्या पत्र्याच्या) भोकातून जातो का, तेही बघून घ्या.

ब्रिजवरचं तारांतलं अंतर. पहिली ते सहावी तार साधारण ५२ ते ५५ मिलिमीटर असते. नेक कुठल्या अंतरासाठी केलीय ते विचारा, नाहीतर कडेच्या तारा फ्रेटबोर्डावरून घसरतात.

नेक हातात आली की फ्रेटच्या टोकांवरून बोट फिरवा. मग स्टीलची छोटी सरळ पट्टी एका वेळी तीन फ्रेटवर आडवी टेकवून हलवून बघा. पट्टी डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे. एखाद-दुसरा उंच असेल तर हलक्या हाताने ठोकून बसतो. जागोजागी डुगडुगत असेल तर नेक सरळ परत पाठवा. परतीची मुदत संपण्याआधी हे करायचं, म्हणजे पार्सल आल्या दिवशी.

लाकूड

आपल्याकडे सागवान म्हटलं की माणसाचे डोळे चमकतात. धाब्याची जुनी घरं पाडली जातात तेव्हा त्यांच्या कड्या-तुळया वखारीत किंवा मोडीवाल्याकडे येतात. पन्नास-साठ वर्षं छताखाली सुकलेलं असं सागवान वाकत नाही, पिळत नाही. पण ते जड असतं. सागवानाची घनता घनमीटरला साधारण ६५० किलो. त्याची टेलि बॉडी तीन किलोच्या आसपास भरते, आणि गिटार पूर्ण झाल्यावर चार किलोच्या पुढे जाते. दोन तास उभं राहून वाजवायचं असेल तर खांद्याला विचारा. शिवणीचं लाकूड मिळालं तर मी ते आधी उचलेन: हलकं, रंध्याला सोपं, सुकल्यावर जागेवर राहणारं. त्याची बॉडी दोन-सव्वादोन किलोत बसते. शिसम देखणं दिसतं, पण सागवानाहूनही जड. आंब्याचं चालतं, मात्र चांगलं सुकलेलं आणि कीड न लागलेलं हवं.

लाकूड वखारीतून पावतीनिशी घ्या. ‘सातपुड्यातून फळी आणून देतो’ म्हणणारे भेटतात. त्या भानगडीत पडू नका, वनखात्याचा कायदा गिटारला वेगळा नाही.

जुन्या कडीत खिळे असतातच. स्पीकरचं जुनं लोहचुंबक चारी अंगांवरून फिरवा आणि जिथे ओढ लागेल तिथे खडूने खूण करा. खिळा लपवून लाकूड मशीनवर चढवलंत तर कटर तुटतो आणि तो माणूस पुन्हा तुमचं काम घेत नाही. लाकूड सुकलंय का हे कळायची सोपी पद्धत म्हणजे फळी कापून किराणा दुकानाच्या काट्यावर दर आठवड्याला तोलणं. वजन उतरायचं थांबलं की फळी तयार.

बॉडीला सव्वातेरा इंच रुंद, सतरा इंच लांब आणि पावणेदोन इंच जाड तुकडा लागतो. एवढी रुंद फळी क्वचित मिळते, म्हणून दोन तुकडे जोडायचे. रंधा मारलेल्या दोन्ही कडा एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरा. मधून प्रकाश दिसला तर परत रंधा. सागवान तेलकट असल्यामुळे चिकटवायच्या जरा आधी जोडाच्या कडा ॲसिटोनने किंवा थिनरने पुसा, मग फेव्हिकॉल लावून शिकंज्यात एक दिवस राहू द्या. जोड मधोमध आला तर चांगलंच, मधली रेघ आयती मिळते.

लाकडाने इलेक्ट्रिक गिटारचा आवाज किती बदलतो यावर लोक हमरीतुमरीवर येतात. पिकअप म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली तांब्याची तार. वरची पोलादी तार हलली की त्या गुंडाळीत वीज उमटते, आणि तीच ॲम्पमध्ये जाते. बॉडीचं लाकूड यात फार लांबचा नातेवाईक आहे. ते वजनासाठी आणि दिसण्यासाठी निवडा.

खाच आणि रेघ

साऱ्या कामातली खरी परीक्षा इथे आहे. बाकी कुठेही थोडं इकडेतिकडे झालं तर निभावतं. नेकची खाच आणि ब्रिजची जागा चुकली तर गिटार कधीच सुरात लागणार नाही.

खाच कोरायचे दोन मार्ग. हाताने राऊटर चालवणारा मिस्तरी ओळखीचा असेल तर त्याच्याकडे जा. मापं त्याच्या भाषेत द्या, नाहीतर तोच म्हणेल, “सूतमा सांग ना भो!” गिटारची मापं मुळात इंचीच असल्यामुळे ती सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, चपखल बसतात. खाचेची खोली पाच सूत, नेकची टाच एक इंच जाड, म्हणजे नेक बॉडीच्या वर तीन सूत उचललेली राहते. टेलिच्या ब्रिजची उंची याच तीन सुतांवर बेतलेली असते. खाच सहा सूत झाली तर नेक खाली बसते, आणि सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ते ठोकळे) तळाला टेकवले तरी तारा उंचच राहतात.

दुसरा मार्ग सीएनसीचा. दरवाज्यांवर गणपती आणि कलश कोरून देणाऱ्या सीएनसी राऊटरच्या मशीन आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. टेलिकास्टरचा आराखडा डीएक्सएफ फाइलमध्ये मिळतो, तो त्यांना चालतो. पण थेट लाकडावर कोरू देऊ नका. आधी एमडीएफच्या तुकड्यावर फक्त नेकची आणि पिकअपची खाच मारून घ्या आणि तुमची स्वतःची नेक त्यात बसवून बघा. नेक हाताच्या दाबाने आत गेली पाहिजे, आणि ती धरून तुकडा उचलला तर स्क्रूशिवाय लटकत राहिला पाहिजे. सैल असेल तर फाइलमध्ये रुंदी दोन-तीन दशांश मिलिमीटरने कमी करून दुसरा तुकडा मारा. एमडीएफ स्वस्त आहे. जास्तीचे पैसे मागितले तरी द्या.

बॉडी कोरून झाली की मधली रेघ पेन्सिलने खाचेपासून तळापर्यंत ओढा. नेक खाचेत बसवून क्लॅम्पने धरा. स्क्रूची भोकं अजून पाडायची नाहीत. ब्रिज रेघेवर ठेवा. आता दोन बारीक दोरे घ्या, एक नटच्या (नेकच्या डोक्याजवळच्या, तारांच्या खाचा असलेल्या पट्टीच्या) पहिल्या खाचेतून, दुसरा सहाव्या खाचेतून, आणि दोन्ही ब्रिजच्या कडेच्या सॅडलपर्यंत ताणून चिकटपट्टीने धरा. शेवटच्या फ्रेटजवळ दोन्ही दोरे फ्रेटबोर्डाच्या कडेपासून सारख्याच अंतरावर दिसले पाहिजेत, साधारण तीन मिलिमीटर. एक आत आणि एक बाहेर दिसला तर नेक किंवा ब्रिज केसभर फिरवा. हे करताना कुणालातरी समोरून बघायला बसवा. एकट्याने दोरा ताणायचा आणि नजरही लावायची, हे जमत नाही.

मग लांबी. टेलिची मोजपट्टी, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी, साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. नटच्या पुढच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मधोमध ३२४ भरलं पाहिजे. आधी हे मोजा, म्हणजे नेक खरोखर त्याच मापाची आहे हे कळेल. तिथून पुढे ३२४ वर सर्वांत बारीक तारेचं सॅडल यायला हवं, आणि ते सॅडल त्या वेळी आपल्या चालीच्या पुढच्या टोकाजवळ, नेकच्या बाजूला, असलं पाहिजे. कारण पुढे सूर लावताना सॅडल बहुतेक मागेच सरकवावे लागतात, जाड तारांचे तर दोन-चार मिलिमीटर. पुढे जागा थोडी आणि मागे भरपूर, असा ब्रिज ठेवून त्याच्या स्क्रूंच्या खुणा करा.

भोकं पाडायला घरचा हातड्रिल नको. फॅब्रिकेशनवाल्याकडे पिलर ड्रिल असतो, तो भोक सरळ पाडतो. बॉडीतून जाणारी नेकची चार भोकं ४.५ मिलिमीटरची, म्हणजे स्क्रू त्यातून सैल गेला पाहिजे. नेकच्या टाचेतली ३ ते ३.२ मिलिमीटरची. टाच इंचभरच जाड असते आणि वर फ्रेटबोर्ड आहे, म्हणून बिटवर १८ मिलिमीटरला चिकटपट्टी गुंडाळा आणि तिथेच थांबा. ४५ मिलिमीटरचा स्क्रू बॉडी आणि तिच्या मागची धातूची प्लेट ओलांडून नेकमध्ये साधारण १५ मिलिमीटर शिरतो, तेवढा पुरतो. स्क्रू आधी साबणाच्या वडीवर घासून घ्या. नेकचं मेपल लाकूड कडक असतं, कोरडा स्क्रू अर्ध्यात मोडतो, आणि मग तो काढणं म्हणजे दुसराच उद्योग.

पॉलिश

यावर फार लिहीत नाही, कारण फर्निचरला पॉलिश करणारा माणूस तुमच्या-माझ्यापेक्षा हे चांगलं जाणतो. त्याला एवढंच सांगा की नेकच्या खाचेत पॉलिश जाता कामा नये, तिथे मास्किंग टेप लावायची. एक थर चढला तरी घट्ट बसणारी नेक मग बसत नाही. पावसाळ्यात एनसी लॅकर मारलं तर हवेतल्या दमटपणाने पांढुरकी झाक येते. एप्रिल-मेमध्ये थर फवाऱ्यातून पडता पडता सुकतो आणि वर लू धूळ आणून चिकटवते. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ खरा. चपड्याचं हातपॉलिशही सागवानावर सुंदर दिसतं, मात्र घामाने ते लवकर उतरतं.

वायरिंग

सोल्डरिंग येत नसेल तर बँडचे आणि डीजेचे ॲम्प दुरुस्त करणारा माणूस गाठा, आकृती त्याच्यासमोर ठेवा आणि शेजारी बसून बघा. टेलिचं सर्किट त्याला दहा मिनिटांत समजतं: दोन पिकअप स्विचला, स्विच व्हॉल्यूमला, व्हॉल्यूम जॅकला, आणि टोन पॉटवर एक कपॅसिटर. सिंगल कॉइल (एका गुंडाळीच्या) पिकअपला २५० किलोओहमचे पॉट, हंबकर (दोन गुंडाळ्यांचे) लावलात तर ५००. कपॅसिटर ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरड, दुसऱ्याने टोन जास्त गडद होतो.

पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नाही ही नेहमीची रड. पाठ आधी पॉलिश पेपरने घासा आणि सोल्डरची इस्त्री किमान ४० वॅटची घ्या. २५ वॅटची लावून बसलात तर सोल्डर वितळेपर्यंत पॉटचा आतला पट्टा भाजून निघतो.

ब्रिजखालून एक वायर काढून ती व्हॉल्यूम पॉटच्या पाठीला जोडायला विसरू नका. ब्रिज आणि तारा ग्राउंड झाल्या नाहीत तर घरघर थांबणार नाही. खाचांच्या आतून फॉइल लावायचं असेल तर एसी-फ्रिजवाल्याकडचा ॲल्युमिनियमचा टेप चालतो, पण त्याच्या गोंदातून वीज जात नाही. म्हणून प्रत्येक पट्टीची कड दुमडून धातू धातूला टेकवा. ॲल्युमिनियमवर साधं सोल्डर बसत नाही, तिथे ग्राउंडची वायर छोट्या स्क्रूखाली दाबा.

तारा चढवण्याआधी जॅकमध्ये केबल लावून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर धरा. व्हॉल्यूम पूर्ण, स्विच एकेका टोकाला: टेलिचे पिकअप साधारण ६ ते ८ किलोओहम दाखवतात. काहीच दाखवलं नाही तर कुठेतरी तुटलंय, शून्य दाखवलं तर कुठेतरी चिकटलंय. स्विच मधे ठेवल्यावर आवाज पोकळ, नाकातला येत असेल तर दोन पिकअप उलट्या फेजमध्ये आहेत. एकाच्या दोन वायरी अदलाबदल करा. नेक पिकअपवर धातूचं कव्हर असेल तर त्याचं ग्राउंड आधी वेगळं काढा.

पंपाची मोटर रिवाइंड करणारा आपल्याकडे गल्लीगल्लीत आहे, मग पिकअपही त्याच्याकडूनच गुंडाळून घेऊ, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं. पिकअपची तार ०.०६३ मिलिमीटरची, माणसाच्या केसाहून बारीक, आणि वेढे सात-आठ हजार. मोटरच्या तारेची सवय असलेल्या हातात ती तुटत राहते. पहिल्या गिटारला विकतचेच लावा.

अर्थिंग

गिटार जुळली, ॲम्पला लावली आणि घरघर सुरू झाली, तर सगळा दोष वायरिंगला देऊ नका. आधी खोलीतला पंख्याचा रेग्युलेटर, कूलरची मोटर, जुनी चोकवाली ट्यूब आणि मोबाइल बंद करून बघा. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर ते बरोबर आहे. हात लावल्यावर वाढली तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या लागल्या असण्याची शक्यता मोठी.

तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र वाजवणं तिथेच थांबवा. तुमच्या बोटाखालच्या तारा ब्रिजवाटे केबलला, केबल ॲम्पच्या बॉडीला आणि ती बॉडी अर्थिंगला जोडलेली असते. अर्थिंग नसेल तर ॲम्पमधली गळती तुमच्या अंगातून वाट काढते. त्याच वेळी ओठ माइकला टेकले तर धक्का जबर बसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो, आणि भिंतीत तिसरी वायर असूनही उपयोग होत नाही. खड्ड्यात पाणी घालत जा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. थ्री-पिनचा जाड पाय तोडून टू-पिनमध्ये खुपसायचा प्रकार लग्नाच्या मांडवात सर्रास दिसतो. तिथे आपली गिटार लावू नका.

सुरात आणणं

क्रम बदलू नका: आधी नेकचा बाक, मग तारांची उंची, मग सॅडल, शेवटी पिकअप.

९ ते ४२ चा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) तारांचा संच चढवून सुरात ताणला की नेकवर साधारण ३८ किलोचा ओढा येतो. एक दिवस तसंच राहू द्या. मग सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटला दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट मोजा. ०.२५ मिलिमीटर हवी. हे मोजायला वेगळं हत्यार नको, मोटारसायकलचं टॅपेट लावायचं फिलर गेज त्याच कामाचं आहे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड उजवीकडे आवळा, कमी असेल तर सैल करा. एका वेळी पाव फेराच, मग पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा. जोर लावावा लागत असेल तर थांबा.

बाराव्या फ्रेटवर बारीक तार फ्रेटपासून दीड-पावणेदोन मिलिमीटर आणि जाड तार दोन, एवढ्या उंचीने सुरुवात करा. सॅडल तळाला टेकले तरी तारा उंच असतील तर खाचेत ब्रिजच्या बाजूच्या कडेला जाड कागदाची अरुंद पट्टी घालून नेक आवळा. नेक किंचित मागे झुकते आणि तारा खाली येतात. पहिल्या फ्रेटवरचे कॉर्ड बेसूर आणि पुढचे ठीक, असं होत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत. तिसऱ्या फ्रेटला तार दाबली की पहिल्या फ्रेटवर कागद जाईल एवढीच फट उरली पाहिजे.

सॅडलसाठी मोबाइलवरचा ट्यूनर पुरतो. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून वाजवलेला सूर) आणि दाबून वाजवलेला सूर जुळवून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. सहाही तारा होईपर्यंत पहिली पुन्हा थोडी हललेली असते, म्हणून दोनदा करायचं. पिकअप मात्र तारांच्या फार जवळ नेऊ नका. शेवटचा फ्रेट दाबल्यावर दोन-अडीच मिलिमीटर अंतर राहू द्या, नाहीतर चुंबक तारेला ओढतं आणि सूर लोंबकळतो.

ऊन आणि पाऊस

पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आक्रसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन बोटाला टोचतात. बारीक कानशीने ती ४५ अंशांत उतरवून घ्या. फ्रेटबोर्डाची कड खरवडू नये म्हणून तिथे टेप लावा. पत्र्याच्या घरात कपाटावर किंवा उन्हातल्या गाडीत गिटार ठेवू नका. कूलरच्या थेट झोतातही नको, तारा आठवड्यात गंजतात. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की नेकचा बाक पुन्हा मोजा, बहुतेक वेळा पाव फेरा इकडेतिकडे करावा लागतो. त्यासाठी लागणारी ॲलन की गिटारच्या कव्हरमध्येच ठेवा, आणि ती नेकसोबत आलेलीच असू द्या. ट्रस रॉडच्या पाच मिलिमीटरच्या नटात इंची मापाची, तीन-षोडशांशाची की जाते, पण सैल फिरते. एकदा आतले कोन झिजले की रॉड फिरवायला काहीच उरत नाही.